बॅक राहिले ते पळल्यामुळंच, हे कुणी ठरवलं?

पत्र थोडक्यात (नाव, गाव, कॉलेज काढून टाकलंय): वय २०, खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बसनं बेळगावला येते, बीकॉम दुसरं वर्ष. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं सगळं इंग्लिश. ५ आणि १० किलोमीटर पळते. यंदा राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या क्रॉस कंट्री टीममधून इंटर युनिव्हर्सिटीला जाऊन आली, टीमचा नंबर आला नाही. तीन विषय बॅक आहेत, म्हणजे नापास होऊन परत द्यायचे राहिलेत. बाबा म्हणतात पळणं बंद कर, नाहीतर कॉलेज बंद करतो आणि स्थळं बघतो. कोच म्हणतात बॅकचं टेन्शन घेऊ नको, स्पोर्ट्स कोट्यात नोकरी लागतेच, एशियन गेम्सचं मेडल आणलेल्या तुरमुरीच्या मलप्रभाकडं बघ. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की नडगी दुखते, चार महिने पाळी आलेली नाही, पण सिनियर मुली म्हणतात जास्त प्रॅक्टिस केली की असं होतंय, घाबरू नको. प्रश्न एकच: खेळ सोडू का शिक्षण?

बाळ, तू जे शेवटी दोन ओळीत उरकलंस तिथूनच मी सुरू करते, खेळ का शिक्षण ते नंतर बघू, ते कुठं पळून जात नाही.

चार महिने पाळी नाही हे चांगलं लक्षण नाही. सिनियर मुली खोटं बोलत नाहीत, त्यांनाही तसं झालं असणार आणि त्यांनाही त्यांच्या सिनियरनी तेच सांगितलं असणार, पण पुष्कळ जणींना होतंय म्हणून ते बरोबर ठरत नाही. तू जेवढं पळतेस तेवढं खात नाहीस, एवढा साधा हिशोब असू शकतो. घरात पैसा कमी पडला की आपण आधी सणासुदीचा खर्च थांबवतो, तसं शरीर जे थांबवता येईल ते थांबवतं, आणि पाळी त्यात पहिली. ती थांबली म्हणजे इस्ट्रोजेन कमी झालं, इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं कमकुवत व्हायला लागतात, आणि मग तुझी नडगी नुसती दुखते का हाडाला बारीक चीर गेलीय हा प्रश्न येतो. ही उगाच घातलेली भीती नाही, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव देऊन सांगितलंय, आणि मुलांनाही हे होतं, त्यांना फक्त पाळीसारखी खूण मिळत नाही.

तर काय करायचं. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरकडं जायचंच, ही खेळाडूंसाठी पण तीच लाईन. आईला घेऊन लेडी डॉक्टरकडं जा, सिव्हिलला गेलीस तरी चालेल, आणि मी आठवड्याला साठेक किलोमीटर पळते हे आधी सांग, कारण ते सांगितलं नाहीस तर त्या गोळ्या देऊन पाळी आणतील आणि मूळ कारण तसंच राहील. थायरॉइड, पीसीओडी असलंही काही असू शकतं, ते त्या ठरवतील. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी पण बघायला सांग. नडगीचं म्हणशील तर एक बोट घेऊन हाडावरनं वरनं खाली दाबत ये, एकाच ठिकाणी जीव कळवळत असेल, किंवा रात्री झोपल्यावर, नुसतं चालताना पण दुखत असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून लगेच सुटलीस असं समजू नको, असली चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेला दिसत नाही पुष्कळदा.

आणि ते सकाळी चहा-बिस्किटावर दहा किलोमीटर, मग धावतपळत साडेसातची बस, मग एकदम दुपारी एकला डबा, हे तू इतक्या सहज लिहिलंयस की बाकीच्यांना वाटेल ठीकच आहे. नाही ठीक. निघायच्या आधी एक केळं, आल्याबरोबर दोन उकडलेली अंडी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू आणि पेलाभर दूध, बसमध्ये बसून खाल्लंस तरी चालेल, नाचणीची आंबील बाटलीत घालून घे. घरात भात भरपूर असणार, तो कमी करायच्या नादाला लागू नको, आणि जेवल्याबरोबर चहा बंद कर, चहामुळं अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. बूट वर्षभर तेच आहेत म्हणतेस. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला संपतात, तुझ्या पळण्यानं ते दोन-तीन महिन्यातच संपलेत, तू उरलेलं वर्ष डांबरी रस्त्यावर नुसत्या रबरावर पळालीयस. युनिव्हर्सिटीच्या टीमचा ट्रॅकसूट मिळाला असेल, बूट कुणी विचारले नसणार.

आता बॅकचं.

तू लिहिलंयस की पळण्यामुळं अभ्यास होत नाही म्हणून विषय गेले, बाबा पण तेच म्हणतात, कोच पण वेगळ्या बाजूनं तेच म्हणतात की पळणाऱ्या पोरांचे बॅक राहतातच. तुम्ही तिघं एकमेकांशी भांडताय आणि एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे, आणि मला तीच गोष्ट पटत नाही. कारण तूच पुढं लिहिलंयस की पहिल्या सेमला पाय मुरगळला म्हणून तू कुठंच खेळायला गेली नव्हतीस, तरी अकाउंटिंग गेलं. दुसऱ्या सेमला स्टॅटिस्टिक्स, तिसऱ्याला कॉस्टिंग, ज्या सेमला तू स्पर्धेला बाहेर होतीस. मराठी पेपरला मात्र तिन्ही सेमला चांगले मार्क. पळण्यामुळंच जात असतं तर सगळंच थोडं थोडं गेलं असतं की. जे गेलं ते सगळं इंग्लिशमधनं शिकवलेलं आणि आकडेमोडीचं, तेवढंच.

आपल्याकडं हे इतकं झालंय की कुणाला दिसतच नाही. मराठी शाळेतून दहावी, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्लिश, वर्गात कन्नडमध्ये समजावून सांगतात, पेपर इंग्लिशमध्ये लिहायचा आणि डोक्यात विचार मराठीत चालू. पोरगं पीयूसी पाठांतरावर काढतं आणि डिग्रीला अडकतं, मग जो खेळतो त्याचा खेळ नडला म्हणतात, जो मोबाईल बघतो त्याचा मोबाईल, आणि जो काहीच करत नाही त्याला मठ्ठ म्हणून मोकळे. तू पळणं सोडलंस आणि तरी कॉस्टिंग गेलं, तर मग घरचे काय सोडायला सांगणार?

एक सोपी युक्ती आहे, आपल्या भागातली पोरं वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. महाराष्ट्र बोर्डाचं अकरावी-बारावी कॉमर्सचं पुस्तक मराठी मीडियममध्ये असतंय, पुस्तपालन व लेखाकर्म, बालभारतीच्या वेबसाईटवरनं फुकट डाऊनलोड होतं. तुझ्या डिग्रीचा पोर्शन त्यात नाही, पण पाया त्यात आहे, जर्नल का लिहितात, घसारा कसा काढतात, हे एकदा आपल्या भाषेत डोक्यात बसलं की मग इंग्लिश पुस्तक उघड, निम्मं आपोआप ओळखीचं वाटेल. एक वही कर, डाव्या बाजूला इंग्लिश शब्द, उजवीकडं तुला कळेल तसा अर्थ, पुस्तकी नको. आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर, कारण गणितं फिरून फिरून तीच येतात. शनिवारी पाय मोकळे करायच्या दिवशी वर्गातल्या कुणातरी मैत्रिणीबरोबर दोन तास फक्त कॉस्टिंग, असं महिनाभर करून बघ. जमलं नाही तर ट्यूशन लाव, पण आधी हे.

स्पर्धेला गेल्यामुळं एक इंटर्नल बुडाली आणि अ‍ॅटेंडन्स शॉर्टेज आलं, तेवढं मात्र खरंच खेळामुळं झालंय, आणि ते टाळता आलं असतं. ओडी, म्हणजे खेळायला गेलेल्या दिवसांची ऑन ड्यूटी हजेरी, ही आपोआप पडत नाही. सिलेक्शन लेटर आलं की जायच्या आधी, परत आल्यावर नव्हे, एक अर्ज लिहायचा, मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत युनिव्हर्सिटीकडून खेळायला जातेय, ओडी धरावी, त्या दिवसातली इंटर्नल नंतर घ्यावी. त्यावर पीडी सरांची, म्हणजे कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टरची, शिफारस, प्रिन्सिपलची सही, एक कॉपी ऑफिसला, आणि आपल्या कॉपीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख मारून घ्यायची. क्लासटीचरना तोंडी सांगितलं होतं, सर विसरले, हे मे महिन्यात हॉल तिकिटाच्या वेळी कोण ऐकत नाही. ७५ टक्के हजेरीचा विषय निघाला की कागदच बोलतो.

हे मी पीडी सरांना आणि कॉलेजवाल्यांना पण सांगते, हे सदर ते पण वाचतात. पोरगी युनिव्हर्सिटी ब्लू झाली, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळली की गेटवर फ्लेक्स लागतो, त्यावर प्रिन्सिपलपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचे फोटो पोरीपेक्षा मोठे, पण तिची इंटर्नल बुडली ती कुणी घेतली का हे बघायला कुणी नसतं. प्रत्येक टीममागं एका लेक्चररनं एवढंच बघितलं ना, कुणाचं काय राहिलंय आणि कोण लंगडतंय, तर फ्लेक्सच्या खर्चापेक्षा कमीत होईल.

आता स्पोर्ट्स कोटा. कोचबद्दल मला वाईट लिहायचं नाही, माणूस पहाटे उठून फुकट शिकवतोय, आपल्याकडं असली माणसं आहेत म्हणून तर खेड्यातली पोरं ट्रॅकपर्यंत पोचतात. पण "लागतेच" हा शब्द चुकीचा आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत इंटर युनिव्हर्सिटीत युनिव्हर्सिटीकडून खेळलेला खेळाडू पात्र धरतात, हे खरं. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म ३ म्हणतात, युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांची सही असलेलं. स्पर्धेत वाटतात ते पार्टिसिपेशनचं रंगीत सर्टिफिकेट वेगळं. तुझ्याकडं फॉर्म ३ आहे का? नसेल तर ह्याच महिन्यात काढून घे, शक्ती योजनेत तुला बसचं तिकीटसुद्धा पडत नाही, जाऊन ये. साहेब बदलले, रेकॉर्ड सापडेना, असं दोन वर्षांनी ऐकायला लागू नये.

पण पात्र म्हणजे नोकरी नव्हे. निवडताना आधी देशाकडून खेळलेले, मग नॅशनलला मेडलवाले, मग इंटर युनिव्हर्सिटीचे मेडलवाले, नुसते खेळून आलेले सगळ्यात शेवटी. त्यात २०२० ला कोट्यातल्या खेळांची यादी ४३ वरून ६३ केली, म्हणजे रांग आणखी मोठी झाली. रेल्वेत, आपल्याला जवळची म्हणजे हुबळीची साउथ वेस्टर्न, तिथं नुसता भाग घेतलेला चालत नाही, नंबर लागतो, आणि तो पण अलीकडच्या दोन-तीन वर्षांतला. म्हणजे तुझं सर्टिफिकेट पण त्या बुटांसारखं झिजतं. कोचना आदरानं दोन प्रश्न विचार: सर, मागच्या पाच वर्षांत तुमच्याकडच्या किती मुलींना कोट्यातून नोकरी लागली, आणि त्यांची पोझिशन काय होती? उत्तर चांगलं आलं तर चांगलंच आहे, कमीत कमी तुला टार्गेट कळेल.

मलप्रभा जाधवचं म्हणशील तर तिचं कौतुक आहेच, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कुराशला (ज्युडोसारखी कुस्ती) ५२ किलोत ब्राँझ, आपल्या तालुक्याशेजारच्या तुरमुरीची पोर. पण ती ज्युडोतून त्या खेळात आली, रोजची मॅट, रोजचा सराव असं मागं उभं होतं. तुला आठवड्यातनं दोन दिवस कोच आणि बाकी दिवस गावचा डांबरी रस्ता. दोन्ही एका मापानं मोजू नको, ना स्वतःला कमी समजायला ना उगाच भरवसा ठेवायला.

डिग्री असली काय नसली काय, हे तर अजिबात मान्य करू नको. कॉन्स्टेबलला पीयूसी चालते, पण पीएसआय व्हायचं तर डिग्री पाहिजे. बीपीएड, म्हणजे खेळाच्या शिक्षकाचा कोर्स, दोन वर्षांचं, त्याला डिग्री आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास मार्क पाहिजेत, तिथं तुझं खेळणं मोजतात. कोचिंगचा डिप्लोमा पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, त्यालाही ग्रॅज्युएट लागतं. उद्या गुडघा गेला, पळणं थांबलं, तरी खेळात राहायचे जेवढे रस्ते आहेत ते सगळे डिग्रीच्या दारातनं जातात, म्हणून बाबांचं निम्मं बरोबर आहे. अग्निवीरचं तू विचारलं नाहीस पण सांगते, मिलिटरी पोलीसमध्ये मुली घेतात, तुझ्यासारखीला तिथलं पळणं काहीच नाही, पण वयाची मर्यादा तुझ्या अगदी जवळ आलीय आणि नोकरी चार वर्षांची, पुढं त्यातल्या २५ टक्क्यांनाच ठेवतात. जायचं असेल तर ह्या वर्षातच ठरवायला लागेल, आणि नडगीचं काय ते कळेपर्यंत त्या भरतीचा विचार नको.

दोन सीमाभागातल्या भानगडी, ज्या तुला पुण्यातला सल्लागार सांगणार नाही. एक, कर्नाटकातल्या पोलीस किंवा कुठल्याही राज्य सरकारी नोकरीला कन्नड लिहिता-वाचता यायलाच पाहिजे. आपल्या गावात हे बोललं की काही जणांचा चेहरा उतरतो, मला माहीत आहे. सीमेचा वाद आपल्या जागी, तो कोर्टात आहे, तुझी परीक्षा त्याच्यासाठी थांबणार नाही. बसमध्ये रोज येऊन जाऊन दोन तास जातात, बोलायला तुला येतच असणार, अक्षरं शिकून घे. दुसरं, महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना तिकडच्या भरतीला बसू देतं, गाव त्या यादीत असेल तर वास्तव्याचा दाखला काढून ठेव. पण तिकडच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा ठेवू नको, तिथं महाराष्ट्राकडून खेळलेलं लागतं, आणि तू खेळलीयस कर्नाटकातल्या युनिव्हर्सिटीकडून. पोरं इथंच फसतात, मेडल इकडचं आणि फॉर्म तिकडचा भरतात, स्पोर्ट्सच्या कॉलममध्ये टिक करतात आणि कागद तपासणीच्या दिवशी बाहेर.

मग करायचं काय? मला विचारशील तर सोडायचं काहीच नाही, पण हे सेम पळणं खाली आण. तसंही डॉक्टरांनी थांब म्हटलं तर थांबायचंच आहे, थांब म्हटलं नाही तरी साठचं पस्तीस-चाळीस कर, डांबर सोडून मातीच्या वाटेनं, आणि स्पर्धा एकही नाही. तो जो वेळ निघेल तो तीन बॅकना. पुढच्या सीझनला पाय बरा, पाळी नियमित, बॅक दोन तरी निघालेले, अशी परत ये, तेव्हा इंटर युनिव्हर्सिटीला नंबरासाठी पळ, जाऊन यायचं म्हणून नको. दुसरा रस्ता असा की पळणं पूर्ण बंद करून आधी डिग्री. तो चुकीचा नाही, पण तुझ्या पत्रात पळण्याशिवाय आनंदाची दुसरी एक पण ओळ नाही, म्हणून मला भीती वाटते की पळणं बंद केलंस तर पुस्तक पण उघडणार नाहीस. तिसरा, कॉलेज सोडून नुसतं पळायचं, तो ह्या पायावर आणि ह्या कोट्याच्या भरवशावर मी माझ्या पोरीला घेऊ दिला नसता.

बाबांशी बोलताना मला खेळू द्या असं रडत बोलू नको. तिन्ही सेमची मार्कलिस्ट घेऊन बस, त्यांना दाखव की पहिल्या सेमला मी घरातच होते तरी गेला. मग म्हण, बाबा, एक सेम द्या, स्पर्धा बंद, दोन विषय काढून दाखवते, नाही निघाले तर तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन. ऐकून घेईन म्हण, करीन म्हणू नको, स्थळांचा विषय ह्या सौद्यात आणायचाच नाही, तो निघाला तर आईला नाहीतर मामाला मध्ये घाल, वीस वर्षांच्या पोरीचे तीन विषय बॅक राहिले ही काय लग्न करायची कारणं झाली. पाळीचं बाबांना सांगायला संकोच वाटेल, आई सांगेल. पण सांगू दे, कारण औषध, अंडी, बूट, सगळ्याला पैसे त्यांच्याकडनंच येणार, आणि बापाला पोरीचं हाड दुखतंय हे कळलं की आवाज खाली येतो सहसा.

कोचना पण डॉक्टरांची चिठ्ठी दाखव. ते चांगले असतील तर स्वतःच शेड्यूल कमी करतील. दुखणं मनाचं असतं, पळ म्हणाले तर तेवढ्यापुरतं त्यांचं ऐकू नको, बाकी सगळं ऐक.

डॉक्टर ह्या आठवड्यात, फॉर्म ३ ह्या महिन्यात. आणि परीक्षेचा फॉर्म निघाला की बॅकचे विषय त्यावर वेगळे भरायचे असतात, चालू सेमबरोबर ते आपोआप येत नाहीत, फी पण वेगळी. ऑफिसात विचारून लास्ट डेट आजच वहीवर लिहून ठेव, पीडी सरांच्या ग्रुपवर मेसेज येईल म्हणून वाट बघत बसू नको.